बँकेचा शेअर घेताना ठेवीदाराचं डोकं घरी ठेवा

डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडून आठ दिवस झालेला माणूस पहिला प्रश्न काय विचारणार हे मला आता पाठ झालंय. "दादा, बँकेचा एखादा शेअर सांगा की. सेफ." आमच्या कोल्हापुरातल्या शेअरच्या ग्रुपवर महिन्याला दोन-तीन नवे भिडू येतात. कुणी उद्यमनगरात लेथवर काम करणारा, कुणी शाळामास्तर, कुणी नुकतीच निवृत्तीची रक्कम हातात आलेले काका. समज सगळ्यांचा सारखाच: बँक ही पैसे ठेवायची जागा, म्हणजे बँकेचा शेअर ही जरा जास्त देणारी ठेव. त्यांना दोष कसा द्यायचा? जिल्हा बँक, अर्बन बँका, पतसंस्था, दूध संस्था यांच्यातच आपण लहानाचे मोठे झालो. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. कुठला शेअर घ्यावा हे यात मिळणार नाही. ते सांगायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, आणि ती माझ्याकडे नाही.

पायरी १: सभासद आणि शेअरहोल्डर यांची गल्लत मोडा

सहकारी बँकेचा शेअर तुम्ही दर्शनी किमतीला घेता आणि सोडताना दर्शनी किमतीलाच परत करता. कर्ज हवं असेल तर सहसा शेअर घ्यावे लागतात. मत एका माणसाला एक, मग शेअर दहा असोत की हजार. त्याचा भाव रोज हलत नाही, त्यामुळे त्याची भीतीही वाटत नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या बँकेचं सगळंच वेगळं. भाव रोज सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन हलतो, आणि तुमच्या पैशाला कुणाचीही हमी नसते. ठेवीला आहे: ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो, त्याआधी तो १ लाखाचा होता. शेअरला हा विमा एक रुपयाचाही नाही. हे वाक्य मी नव्या माणसाला दोनदा वाचायला लावतो.

"पण बँक बुडत नाही हो," असं कुणीतरी म्हणतंच. बरोबर आहे, आपल्याकडे मोठी बँक सहसा बुडू देत नाहीत. पण वाचवतात कुणाला? शेजारचंच बघू. सातारची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये अडचणीत आली आणि महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांच्या ठेवी जशाच्या तशा राहिल्या, शेअरहोल्डरला शेअरमागे २८ रुपये रोख देऊन विषय संपला. पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. तिथे सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १०० मिळाले. ते ज्यांनी कपाटात ठेवून दिले त्यांचं भलं झालं, पण ते आपल्या हुशारीनं झालं असं त्यांनीही म्हणू नये.

आता उलट बाजू. लक्ष्मी विलास बँकेवर १७ नोव्हेंबर २०२० ला निर्बंध आले, दहा दिवसांत ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली. ठेवीदार सुरक्षित राहिले. शेअरहोल्डरना शून्य. कमी भाव नव्हे, शून्य. डिमॅटमधून शेअरच गेले. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या शेअरहोल्डरचंही तेच झालं होतं. येस बँकेत ५ मार्च २०२० ला पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली आणि १८ मार्चला उठली, म्हणजे ठेवीदारांची झोप दोन आठवडे उडाली एवढंच. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये चारशेच्या आसपास असलेला शेअर स्टेट बँकेनं १० रुपयांनी घेतला. ज्यांच्याकडे १०० किंवा जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं कुलुपात गेले, विकताही येईनात.

तेव्हा ग्रुपवर "बँक वाचली" असं कुणी आनंदानं टाकलं, तर विचारा: ठेवीदार म्हणून की शेअरहोल्डर म्हणून?

पायरी २: दहा रुपयांचं गणित

हे एकदा वहीवर मांडा. कॅल्क्युलेटर लागत नाही. समजा बँकेकडे १०० रुपये आहेत. त्यातले ९० लोकांच्या ठेवी आणि उसनवारी, १० मालकांचे, म्हणजे शेअरहोल्डरचे. हे १०० कर्जाऊ दिले. आता त्यातले ५ कायमचे बुडाले. बाहेरून बघणारा म्हणेल, पाचच टक्के गेले, ९५ तर आहेत! पण ठेवीदाराचे ९० तर द्यायचेच आहेत. म्हणजे मालकांच्या १० मधले ५ गेले. कर्जाला पाच टक्क्यांची जखम, तुमच्या भांडवलाला पन्नास टक्क्यांची.

उद्यमनगरातल्या कारखान्याचा एक गिऱ्हाईक बुडाला तर नफा कमी होतो. बँकेचं तसं नाही, ती दुसऱ्याच्या पैशावर धंदा करते. एकदा हे डोक्यात बसलं की बँकेचा शेअर एवढ्याशा बातमीनं धाडकन का पडतो हे कळतं.

मालकांचे ते १० रुपये भागिले शेअरची संख्या म्हणजे बुक व्हॅल्यू. बँकेचा शेअर महाग की स्वस्त हे बहुतेक लोक बाजारभाव या बुक व्हॅल्यूच्या किती पट आहे यावर बघतात. मात्र "बुकच्या निम्म्यात मिळतोय, लूट आहे" या मेसेजपासून सावध. बाजार बुकच्या निम्मा भाव देतोय याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो, की त्या बुकमधल्या कर्जांवर त्याचा विश्वास नाही.

पायरी ३: मूळ कागद उघडायला शिका

एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर बँकेचं नाव टाका, ‘अनाउन्समेंट’मध्ये जा. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल लागतो, वार्षिक निकालाला ६० दिवस. त्याच्यासोबत ‘इन्व्हेस्टर प्रेझेंटेशन’ असतं. तीसचाळीस पानं, रंगीत तक्ते, शाळेतल्या पोराला समजेल असं. पहिली चार पानं स्वतःचं कौतुक असतं, ती सोडा. थेट कर्जाच्या दर्जाचं पान काढा.

तिथे ‘ग्रॉस एनपीए’ दिसेल, म्हणजे एकूण कर्जात थकलेलं किती. साधारण हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज एनपीए. पीककर्जाला मात्र दिवस नाही, हंगाम मोजतात. आडसाली उसासारखं वर्षापेक्षा लांबणारं पीक असेल तर एक हंगाम, कमी मुदतीचं असेल तर दोन. आपल्याकडच्या पोरांना हे पटकन समजतं, कारण घरात ऊसबिल आणि सोसायटीचं कर्ज यांचं नातं त्यांनी पाहिलेलं असतं.

नवखा माणूस इथेच फसतो. ग्रॉस एनपीए ४ वरून ३ टक्के झाला, की ग्रुपवर फटाके. थांबा. टक्का तीन वाटांनी खाली येतो. कर्जदारानं पैसे भरले, ही चांगली वाट. बँकेनं कर्ज राइट-ऑफ करून वहीतून काढलं, म्हणजे पैसे आलेच नाहीत, फक्त ओळ खोडली. किंवा बँकेनं भरमसाट नवी कर्जं वाटली, त्यामुळे खालचा भाजक फुगला. नवं कर्ज पहिल्या वर्षी सहसा थकत नाही. म्हणून मी टक्का न बघता ‘स्लिपेज’ बघतो. या तिमाहीत नव्यानं किती रुपयांची कर्जं थकली, हा आकडा. सलग चार तिमाह्यांचा एकाखाली एक लिहा. तो वाढत असेल तर वरचा टक्का कितीही गोंडस असू दे, चहा पिऊन पुन्हा विचार करा.

बाकीचे आकडे भरभर सांगतो. थकलेल्या कर्जापोटी बँकेनं आधीच किती टक्के बाजूला काढून ठेवलेत ती तरतूद. सत्तरच्या वर असेल तर बरं वाटतं. भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल, किमान ९ टक्के आणि त्यावर २.५ टक्क्यांची उशी, म्हणजे साडेअकरा लागतेच. काठावर असलेली बँक लवकरच नवे शेअर काढून तुमचा हिस्सा पातळ करणार असं समजा. ‘कासा’ म्हणजे चालू आणि बचत खात्यांतला पैसा, बँकेला स्वस्तात मिळणारा. आणि ‘निम’ म्हणजे घेतलेलं व्याज वजा दिलेलं व्याज, यातून उरणारी मार्जिन.

पायरी ४: बातमीचं काय करायचं

सर्वांत जास्त गोंधळ इथे. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारताना मोबाइलवर बातमी येते आणि सव्वानऊपर्यंत ग्रुप पेटलेला असतो. माझी सवय अशी: बातमी वाचली की विचारायचं, यामुळे कर्जं थकणार आहेत का, मार्जिन बदलणार आहे का, का नुसता लोकांचा मूड बदललाय?

मूडची बातमी ओळखायला सोपी. ३ जून २०२४ ला एक्झिट पोल बघून सरकारी बँकांचे शेअर उसळले. दुसऱ्या दिवशी लोकसभेचा खरा निकाल लागताना स्टेट बँकेचा शेअर एका दिवसात सुमारे १४ टक्के पडला. त्या दोन दिवसांत बँकेच्या एकाही कर्जदारानं हप्ता चुकवला नव्हता. ज्यांनी ३ तारखेला उसनवारी करून घेतले आणि ४ ला घाबरून विकले, अशी दोघं आमच्यातच आहेत. ते आता ग्रुपवर फक्त सुप्रभात टाकतात.

रेपो दराची, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं उसने देते त्याची, बातमी मार्जिनची. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती साधारण दोन महिन्यांनी बसते. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून टप्प्याटप्प्यानं ५.२५ वर आला. "व्याजदर कमी झाले, बँका पळणार!" हा मेसेज तेव्हा पाच वेळा आला. कर्ज वाढेल हे खरं, पण आधी काय होतं ते बघा. ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, त्यांचं व्याज लगेच खाली येतं. काकूंनी दर उतरण्याआधी सव्वासात टक्क्यांनी केलेली तीन वर्षांची एफडी मात्र मुदत संपेपर्यंत सव्वासातच देते. म्हणजे पहिले काही महिने बँकेची मिळकत घटते आणि देणं तेवढंच राहतं. ज्या बँकेची घरकर्जं जास्त तिला चटका आधी, ज्या बँकेची वाहन किंवा मायक्रोफायनान्ससारखी ठरावीक व्याजाची कर्जं जास्त तिला उलट थोडा फायदा. एकाच बातमीचे दोन बँकांवर दोन परिणाम, आणि ग्रुपवर मेसेज मात्र एकच.

कर्जमाफीची चर्चा आपल्याकडे कायमच. सरकार माफीचे पैसे बँकेला देतं, तेव्हा तिथे बँकेचं नुकसान नाही असं वाटतं. पण घोषणा होणार अशी हवा पसरली की भरू शकणारा माणूसही हप्ता थांबवतो, "भरणारा येडा ठरतो" म्हणून. नुकसान त्या सहा-आठ महिन्यांत होतं. ते कुणाला? मुख्यतः जिल्हा बँकेला आणि सरकारी बँकांच्या ग्रामीण शाखांना. मुंबईत कार आणि घरं यांना कर्ज देणाऱ्या खासगी बँकेचा शेअर या बातमीवर विकणाऱ्याला नकाशा दाखवावा.

आणि रिझर्व्ह बँकेचं निवेदन. आपल्याच गावातलं उदाहरण घेऊ. आरबीएल म्हणजे मूळची रत्नाकर बँक, १९४३ ची, नोंदणीकृत कार्यालय आजही शाहूपुरी पहिल्या गल्लीत. २०१६ मध्ये २२५ रुपयांना आयपीओ, म्हणजे लोकांसाठी पहिली शेअरविक्री, आला. २०१९ च्या उन्हाळ्यात भाव सातशेच्या आसपास होता, तेव्हा "आपली बँक" म्हणून छाती फुगवून घेणारे खूप. २४ डिसेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं संचालक मंडळावर आपला माणूस नेमला, दुसऱ्या दिवशी एमडी (बँकेचे प्रमुख) रजेवर गेले, आणि सोमवारी शेअर सुमारे १८ टक्के पडला. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेनं निवेदन काढलं: बँकेचं भांडवल चांगलं आहे, भांडवल पर्याप्तता १६.३३ टक्के, ठेवीदारांनी अफवांवर जाऊ नये. ग्रुपवर लगेच, "आरबीआय म्हणते सेफ, घ्या!" निवेदन पुन्हा वाचा. ते ठेवीदारांना उद्देशून होतं. शेअरहोल्डरला त्यात एक ओळ नव्हती, आणि नसतेच. ते रिझर्व्ह बँकेचं कामच नाही. पुढच्या जूनमध्ये नव्या एमडींची नेमणूक जाहीर झाली, तेव्हा शेअर एका दिवसात आणखी वीस टक्क्यांहून जास्त खाली आला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीनं २८० रुपये भावानं २६,८५३ कोटी घालून साठ टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. म्हणजे आयपीओत घेऊन धरून बसलेल्याला नऊ वर्षांनी २२५ चे २८० दिसले. सातशेला घेणारा अजून वाट बघतोय. ठेवीदाराला या सगळ्या काळात एक दिवसही काही झालं नाही. शाखेत जाऊन पासबुक भरून आला.

मार्च २०२५ मध्ये इंडसइंड बँकेनं जाहीर केलं, की डेरिव्हेटिव्हच्या (वायदे-करारांच्या) हिशेबात गफलत आहे आणि त्याचा फटका नेटवर्थच्या, म्हणजे मालकांच्या भांडवलाच्या, सुमारे २.३५ टक्के. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडला. ग्रुपवर एक हुशार मुलगा म्हणाला, "अडीच टक्क्यांसाठी सत्तावीस? बाजार येडा आहे, मी उचलणार." त्याला मी एवढंच म्हटलं, की दुकानातल्या पोरानं गल्ल्यातले शंभर रुपये इकडचे तिकडे केलेले सापडले तर तू शंभरच मोजतोस, की सगळी वही पुन्हा तपासायला घेतोस? त्या तिमाहीत बँकेनं २,३२९ कोटींचा तोटा दाखवला आणि एप्रिलमध्ये एमडींनी राजीनामा दिला.

पायरी ५: विचारायचं कसं, आणि कुणाचं ऐकायचं

"अमुक बँक कशी आहे?" याला उत्तर नाही. "माझ्याकडे शंभर शेअर आहेत, तीन वर्षं ठेवायचे आहेत, स्लिपेज सलग दोन तिमाह्या वाढलंय, कारण मायक्रोफायनान्स दिसतंय, माझं बरोबर आहे का?" असं विचारलं की चार जाणकार झटून बोलतात. आपल्याकडे तो शेअर असेल तर मत देताना आधी तसं सांगावं. ज्याच्याकडे माल पडून आहे तो त्याची स्तुती करणारच, गुळाच्या सौद्यात नाही का? आणि डिमॅटचा स्क्रीनशॉट टाकताना क्लायंट आयडी झाका. पोरं नफा दाखवायच्या नादात सगळंच दाखवतात.

पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. रिसर्च ॲनालिस्टचा ‘आयएनएच’नं आणि सल्लागाराचा ‘आयएनए’नं सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक चोरून वापरणारेही आहेत, तेव्हा नाव आणि फोन जुळतात का बघा. कुणीतरी तुम्हाला न विचारता अनोळखी ग्रुपात घातलं, तिथे रोज कुणीतरी लाखाचा नफा दाखवतंय, आणि प्ले स्टोअरबाहेरचं ॲप डाउनलोड करायला सांगतंय, तर तिथून बाहेर पडा. त्या ॲपमधला नफा नुसता आकडा असतो. काढायला गेलात की "आधी टॅक्स भरा" येतं. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

बँक निफ्टीच्या (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाच्या) ऑप्शनचं, म्हणजे त्याच्या चढउतारावरच्या सौद्यांचं, कुणी बोललं तर मी विषय बदलतो. सेबीनं स्वतः तपासलं: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या दर १०० किरकोळ लोकांतले ९३ तोट्यात गेले.

पायरी ६: पहिली खरेदी

हे सगळ्यांत सोपं, म्हणून लोक इथूनच सुरुवात करतात. ‘मार्केट’ऐवजी ‘लिमिट’ ऑर्डर टाका, म्हणजे भाव तुम्ही ठरवता. शेअर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटला येतात. नॉमिनी लावा. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, नंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. निकालाच्या दिवशी घेऊ नका. मोठ्या खासगी बँका पुष्कळदा शनिवारी निकाल लावतात, म्हणजे वाचायला रविवार मिळतो.

पडत्या भावात ॲव्हरेज करण्याबद्दल, म्हणजे आणखी शेअर घेऊन सरासरी भाव उतरवण्याबद्दल, एवढंच. एका खासगी बँकेत मी तीनदा ॲव्हरेज केलं होतं. नाव लिहीत नाही. दर वेळी कारण तेच, बँक आहे, जाऊन जाऊन जाईल कुठे. दर वेळी मी फक्त भाव बघितला, स्लिपेजचं पान एकदाही उघडलं नाही. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

तुमचा गृहपाठ असा: कुठलीही एक बँक घ्या, तिची शेवटची चार प्रेझेंटेशन उघडा, स्लिपेजचे चार आकडे वहीत लिहा आणि शेजारी तुमच्या शब्दांत कारण लिहा. मग रविवारी सकाळी ग्रुपवर टाका, मी आणि आणखी दोघंतिघं निवांत असतो. सोमवारी सव्वानऊला मात्र विचारू नका, तेव्हा आम्हीही घाबरलेलेच असतो.